रासी इरॅस्मस: खेळाडू ते प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेने २०१९ आणि २०२३ असे सलग दोन रग्बी विश्वचषक जिंकले, तेव्हापासून एरवी फक्त क्रिकेट पाहणारी मंडळीही रासी इरॅस्मसबद्दल विचारू लागली आहेत. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. रग्बीचे नियम माहीत नसले तरी वाचताना अडायला होणार नाही. जिथे नियमावाचून गाडी पुढे जात नाही, तिथे तो नियम सांगितला आहे.

रासी इरॅस्मस नक्की कोण?

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा, म्हणजे स्प्रिंगबॉक्सचा, मुख्य प्रशिक्षक. जन्म ५ नोव्हेंबर १९७२. पूर्ण नाव योहान इरॅस्मस, पण सगळं जग त्याला रासी म्हणूनच ओळखतं. १९९७ ते २००१ या काळात तो देशासाठी ३६ कसोटी सामने खेळला. (रग्बीत दोन देशांमधल्या सामन्याला कसोटी म्हणतात. सामना ८० मिनिटांचाच असतो.) २०१९ चा विश्वचषक त्याने मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकला. २०२३ च्या वेळी तो डायरेक्टर ऑफ रग्बी (प्रशिक्षकाच्याही वरचा, एकूण कारभार पाहणारा) होता आणि मुख्य प्रशिक्षकपद त्याचा जुना मित्र जाक नीनाबर याच्याकडे होतं.

तो मूळचा कुठला?

ईस्टर्न केप प्रांतातल्या डिस्पॅच या लहानशा गावचा. विटांच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जाणारं, कामगारांची वस्ती असलेलं हे गाव पोर्ट एलिझाबेथपासून जवळच आहे. या शहराचं नाव आता केबेर्खा झालं आहे. क्रिकेटवाल्यांना पोर्ट एलिझाबेथ २००१ च्या त्या वादग्रस्त कसोटीमुळे आठवत असेल. सचिनवर चेंडूशी छेडछाड केल्याचा ठपका आला होता, तो सामना तिथलाच.

शाळा संपल्यावर त्या काळच्या गोऱ्या तरुणांप्रमाणे त्यानेही सक्तीची लष्करी सेवा केली आणि मग फ्री स्टेट विद्यापीठात शिकायला ब्लूमफाँटेनला गेला. घरी बापाच्या दारूचा त्रास होता, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. त्याच्या बोलण्यात पुस्तकी गुळगुळीतपणा नाही. इंग्रजी बोलताना आफ्रिकान्स वळण लपत नाही आणि लपवायची त्याची इच्छाही दिसत नाही. खेळाडूंशी तो इतकं थेट का बोलतो, याचं थोडं उत्तर मला या गावात दिसतं.

खेळाडू म्हणून तो कसा होता?

चांगलाच होता. प्रशिक्षक म्हणून झालेल्या नावामुळे हे झाकलं जातं.

तो फ्लँकर आणि नंबर एट या जागांवर खेळायचा. संघात १५ जण असतात. त्यातले आठ फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये डोकी घालून ढकलणारे, आणि सात बॅक, म्हणजे मागून पळणारे, पास देणारे आणि किक मारणारे. (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांत अडकून चेंडूसाठी ढकलाढकली करतात, त्याला स्क्रम म्हणतात.) फ्लँकर स्क्रमच्या कडेला असतो आणि चेंडू सुटला की सगळ्यांत आधी तिथे पोहोचणं हे त्याचं काम. त्यासाठी ताकद लागते, पण त्याहून जास्त लागतो अंदाज: पुढच्या तीन सेकंदांत चेंडू कुठे असेल? रासीची खासियत हा अंदाजच होती.

कसोटी पदार्पण झालं जुलै १९९७ मध्ये, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर, ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात. मालिका आधीच हातची गेली होती, पण तो सामना आफ्रिकेने ३५–१६ जिंकला. त्याच सुमारास निक मॅलेट प्रशिक्षक झाला आणि १९९७–९८ मध्ये संघाने सलग १७ कसोट्या जिंकून तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. रासी त्या संघातला. १९९८ ची ट्राय-नेशन्स स्पर्धाही त्यांनीच जिंकली. १९९९ मध्ये केपटाऊनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका सामन्यात त्याने नेतृत्व केलं आणि तो १०–९ असा जिंकला.

त्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ट्विकेनहॅमवर ऑस्ट्रेलियाने जादा वेळेत हरवलं, २७–२१. स्टीफन लार्कमने दुरून मारलेला तो ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच खांबांमधून मारलेली किक) आफ्रिकेचे जुने चाहते अजून विसरलेले नाहीत. दुखापतींनी पुढे रासीची कारकीर्द लवकर आटोपली. तिशी ओलांडली आणि खेळणं थांबलं.

खेळता खेळता तो प्रशिक्षणाकडे कसा वळला?

लॅपटॉपमुळे, असं म्हटलं तरी चालेल. नव्वदच्या दशकात सामन्यांच्या टेप कापून, जोडून, पुन्हा पुन्हा पाहण्याचं काम फार थोडे खेळाडू करत. रासी करायचा. समोरचा संघ लाइनआउटला कुणाला उचलतो, दमल्यावर कोणत्या बाजूला चेंडू काढतो, हे तो स्वतः बसून शोधायचा. (चेंडू मैदानाच्या कडेबाहेर गेला की दोन रांगा करून तो आत फेकतात, त्याला लाइनआउट म्हणतात.)

आज प्रत्येक संघाकडे विश्लेषकांची फौज असते. त्या काळी ड्रेसिंग रूममधल्या एका खेळाडूने हे आपण होऊन करणं वेगळं होतं. पुढे त्याच्या ज्या ज्या गोष्टींना लोकांनी जादू म्हटलं, त्या सगळ्यांचं मूळ मला या सवयीत दिसतं. त्याने पाहिलं जास्त आणि जास्त वेळ पाहिलं.

स्टेडियमच्या छपरावरून दिवे दाखवायचा, ते खरं आहे का?

खरं आहे. खेळणं थांबल्यावर लगेच तो फ्री स्टेट चीताजचा प्रशिक्षक झाला. मैदान तेच, ब्लूमफाँटेनचं. (सचिनचे १५५ आणि सेहवागचं पदार्पणातलं शतक ज्या गावात झालं, तेच हे गाव.) तिथे रासी स्टँडच्या छपरावर जाऊन बसायचा आणि रंगीत दिव्यांनी मैदानातल्या खेळाडूंना खुणा करायचा. वरून मैदानातल्या मोकळ्या जागा नीट दिसतात आणि निरोप्या पळत जाईपर्यंत ती जागा बंद झालेली असते, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. २०२३ च्या विश्वचषकात मार्सेला स्कॉटलंडविरुद्ध आफ्रिकेच्या प्रशिक्षकांच्या कक्षात पुन्हा रंगीत दिवे दिसले, तेव्हा जगाला ते नवीन वाटलं. ब्लूमफाँटेनच्या लोकांना नाही.

दिव्यांपेक्षा निकाल महत्त्वाचा. आपल्याकडे जशी रणजी, तसा त्यांच्याकडे करी कप. फ्री स्टेटने तो १९७६ नंतर जिंकला नव्हता. २००५ मध्ये रासीच्या संघाने प्रिटोरियात जाऊन ब्लू बुल्सना २९–२५ हरवलं आणि २९ वर्षांनी कप घरी आणला. पुढच्या वर्षीची अंतिम लढत जादा वेळेनंतरही २८–२८ राहिली आणि कप दोघांत वाटला गेला.

तिथून तो केपटाऊनच्या स्टॉर्मर्सकडे गेला. पुढे २०१२ पासून दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी मंडळात पडद्यामागचं काम केलं. त्या वर्षांत बातम्या कमी आल्या, पण वयोगटांतले खेळाडू आणि देशभरातले प्रशिक्षक त्याला याच काळात जवळून कळले.

जाक नीनाबर कोण? दोघांची नावं नेहमी एकत्र का येतात?

दोघं लष्करी सेवेत भेटले आणि नंतर ब्लूमफाँटेनला एकत्र राहिले. नीनाबर शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. चीताजमध्ये तो फिजिओ होता, मग खेळाडूंच्या तंदुरुस्तीचं काम पाहू लागला आणि हळूहळू बचावाचा प्रशिक्षक झाला. रासी जिथे गेला तिथे तो गेला: स्टॉर्मर्स, मन्स्टर, स्प्रिंगबॉक्स. दुसऱ्याच्या अंगावर वेगाने चालून जाणारा आफ्रिकेचा बचाव बहुतेक त्याच्या डोक्यातून आलेला. २०२० ते २०२३ तो मुख्य प्रशिक्षक होता आणि त्यानंतर आयर्लंडच्या लेन्स्टर क्लबकडे गेला. फिजिओला विश्वविजेत्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होताना पाहणं दुर्मीळ. त्यात नीनाबरची बुद्धी आहे, तशी ती ओळखणाऱ्या मित्राची नजरही आहे.

आयर्लंडला तो कधी गेला होता? मन्स्टरमध्ये काय घडलं?

२०१६ च्या उन्हाळ्यात तो मन्स्टर या आयरिश संघाचा डायरेक्टर ऑफ रग्बी झाला. मुख्य प्रशिक्षक होता अँथनी फोली: मन्स्टरचा माजी कर्णधार, तिथल्या लोकांच्या घरातला माणूस. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी रासिंग ९२ विरुद्धच्या सामन्यासाठी संघ पॅरिसला गेला असताना फोली हॉटेलच्या खोलीत झोपेतच गेला. वय ४२.

रासीला तिथे जाऊन काही महिनेच झाले होते. परका देश, परकी माणसं आणि अख्खं गाव सुतकात. सहा दिवसांनी लिमरिकच्या थोमंड पार्कवर ग्लासगोविरुद्ध सामना होता. फोली आठ क्रमांकाची जर्सी घालायचा, म्हणून त्या दिवशी मन्स्टरने ती कुणालाच दिली नाही. कीथ अर्ल्सला लाल कार्ड मिळालं आणि बहुतेक सामना संघ १४ जणांनिशी खेळला. तरी ३८–१७ जिंकला. सामना संपल्यावर फोलीची दोन्ही मुलं मैदानात खेळाडूंच्या घोळक्यात उभी राहून त्यांच्याबरोबर गायली.

त्या मोसमात मन्स्टर युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत आणि प्रो-१२ च्या अंतिम फेरीत पोहोचलं. दोन्हीकडे हरलं, कप एकही आला नाही. तरी त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत अवघड काम मला हेच वाटतं. शोकात बुडालेल्या माणसांना खेळायला उभं करायचं, त्यांचं दुःख झाकायचं नाही आणि वापरायचंही नाही. हे त्याला जमलं.

२०१८ मध्ये तो परतला तेव्हा आफ्रिकेची अवस्था खरंच इतकी वाईट होती?

होय. २०१६ मध्ये फ्लॉरेन्सला इटलीकडून हार, तीही इतिहासात पहिल्यांदा. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूझीलंडकडून ५७–०. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डब्लिनला आयर्लंडकडून ३८–३. विश्वचषक दीड वर्षावर आला होता.

रासीने पहिल्याच झपाट्यात दोन गोष्टी केल्या. परदेशी क्लबांत खेळणाऱ्यांसाठी किमान ३० कसोटींची जी अट होती, तिची आडकाठी दूर करवून इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या फाफ द क्लर्कसारख्या खेळाडूला राष्ट्रीय संघात परत आणलं. दुसरी गोष्ट वरवर साधी: निवड कशावर होईल हे खेळाडूंना तोंडावर सांगितलं. मैदानावरच्या कष्टांवर. समाजमाध्यमांवरची प्रतिमा, जाहिराती, स्वतःचं दुखणं-खुपणं हे सगळं दुय्यम. ज्याला बसवायचं त्याला कारण सांगायचं, तेही सगळ्यांसमोर. ऐकायला कडू, पण खेळाडूला आपण कुठे आहोत हे कळतं. वर्षानुवर्षं गोंधळलेल्या संघाला त्याचीच गरज होती.

सिया कोलिसीला कर्णधार केलं ते कोट्यामुळे का?

हा प्रश्न फार विचारला जातो, म्हणून उत्तरही सविस्तर.

दक्षिण आफ्रिका १८९१ पासून कसोटी रग्बी खेळते. त्यातली जवळपास शंभर वर्षं काळ्या खेळाडूंना राष्ट्रीय संघाचं दार बंद होतं. स्प्रिंगबॉकची हिरवी जर्सी हे वर्णद्वेषी राजवटीचं चिन्ह मानलं जायचं आणि काळे प्रेक्षक पाहुण्या संघाच्या बाजूने ओरडायचे. १९९५ मध्ये मंडेलांनी तीच जर्सी घालून कप दिला, पण त्या विजेत्या पंधरा जणांत गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. त्यानंतर मंडळाने संघात काळे खेळाडू किती असावेत, याच्या प्रमाणाची उद्दिष्टं ठरवली. त्यांचा एक वाईट परिणाम असा झाला की प्रत्येक काळ्या खेळाडूकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं: हा खेळून आलाय की आकड्याने?

कोलिसीचा जन्म १६ जून १९९१ चा, पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे या काळ्यांच्या वस्तीतला. लोकसंख्येची वंशानुसार नोंद करणारा कायदा दुसऱ्याच दिवशी रद्द झाला. झ्विडे आणि डिस्पॅच एकाच भागातली गावं, पण त्यांच्यामध्ये एका राजवटीने भिंत घातली होती. आजीने वाढवलेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेला आणि पुढे वेस्टर्न प्रॉव्हिन्सच्या अकादमीत आला, तेव्हा तिथला कारभार रासीकडे होता. म्हणजे २०१८ मध्ये रासी त्याला किमान आठ वर्षं ओळखत होता.

९ जून २०१८, एलिस पार्क, समोर इंग्लंड. कसोटीत आफ्रिकेचं नेतृत्व करणारा पहिला काळा खेळाडू म्हणून कोलिसी मैदानात उतरला आणि पहिल्या वीसेक मिनिटांत संघ २४–३ मागे पडला. तिथून सामना ४२–३९ असा जिंकला. त्या दिवशी दोन्ही विंगवर पदार्पण करणारे काळे खेळाडू होते, अफिवे दियांत्यी आणि सबुसिसो नकोसी. दोघांनीही ट्राय केले, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला.

कोटा म्हणून कुणाला कर्णधार केलं असतं, तर तो पुढचा विश्वचषक टिकला नसता. कोलिसीने दोन जिंकले. रासीने प्रमाणाची उद्दिष्टं नाकारली नाहीत, लपवलीही नाहीत. त्याने काळ्या खेळाडूंना एका सामन्याऐवजी सलग सामने दिले, चुकायला जागा दिली. माकाझोले मापिंपी हे त्याचं उत्तम उदाहरण. नावाजलेल्या शाळेतून न आलेला, ईस्टर्न केपच्या खेड्यातला हा मुलगा. पहिल्या सामन्यांत गडबडला असता तर जुन्या पद्धतीत कायमचा बाहेर गेला असता. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आफ्रिकेच्या कुणीही केलेला तो पहिला ट्राय होता.

‘बॉम्ब स्क्वॉड’ म्हणजे काय?

सामन्यासाठी २३ जण असतात: १५ सुरुवातीचे, आठ राखीव. नेहमीची विभागणी पाच फॉरवर्ड आणि तीन बॅक अशी. रासीने सहा-दोन केली आणि पुढे सात-एक.

यामागचं कारण स्क्रममध्ये आहे. पुढच्या फळीतले तिघं प्रत्येक स्क्रममध्ये प्रचंड भार मानेवर आणि खांद्यांवर घेतात. पन्नासाव्या मिनिटापर्यंत त्यांचे पाय जड होतात. त्याच वेळी समोर ताज्या दमाची अख्खी फळी आली तर? तीही दुय्यम दर्जाची नव्हे, बरोबरीची. २०१९ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला जखमी झाला आणि डॅन कोलला उरलेला सगळा सामना खेळावा लागला. त्याला आधी तेंडाई मतावारिरा ढकलत होता. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच तो निघाला आणि ताजा स्टीव्हन किट्सहॉफ आला. कोलच्या जागी कुणी येणार नव्हतं. स्क्रम मोडत गेले, पेनल्टी मिळत गेल्या, हांद्रे पोलार्ड तीन-तीन गुण जोडत गेला.

हे कागदावर मांडणं सोपं. जगातल्या सर्वोत्तम हूकरांपैकी (हूकर म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीतला मधला गडी) एक असलेल्या माल्कम मार्क्सला तू बाकावरून येणार असं सांगणं आणि त्याला ते अभिमानाचं वाटणं, ही खरी करामत. रासीने राखीव खेळाडूची इज्जतच बदलली.

सात-एकची सुरुवात मात्र अपघाताने झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्विकेनहॅमवर न्यूझीलंडविरुद्धच्या सराव सामन्याआधी राखीव बॅक विली ल रू ऐनवेळी जखमी झाला, त्याच्या जागी फॉरवर्ड घेतला आणि आफ्रिकेने ३५–७ जिंकलं. न्यूझीलंडची तोपर्यंतची ती सर्वांत मोठी हार.

टीकाही होते. थकलेल्या माणसांवर ताजे धिप्पाड गडी सोडणं धोक्याचं आहे, असं काही जाणकार म्हणतात. ही काळजी मला खोटी वाटत नाही. पण नियम सर्वांना सारखा आहे आणि या पद्धतीत जुगारही आहे. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सने डब्लिनला सात-एकच उतरवले, ४२–२७ जिंकलेही, पण त्यांचा आंतवान द्युपाँ जखमी झाल्यावर एकमेव राखीव बॅक पहिल्याच डावात वापरावा लागला.

२०१९ च्या विजयानंतर तो दबावाबद्दल जे बोलला ते काय होतं?

२ नोव्हेंबर २०१९, योकोहामा, इंग्लंडविरुद्ध ३२–१२. साखळीत न्यूझीलंडकडून २३–१३ हरूनही कप जिंकला. साखळीत हार पत्करून विश्वविजेता झालेला हा पहिलाच संघ.

सामन्यानंतर त्याला दबावाविषयी विचारलं. त्याचा आशय असा: दक्षिण आफ्रिकेत दबाव म्हणजे नोकरी नसणं, जवळच्या माणसाचा खून होणं. रग्बीने दबाव आणू नये, आशा निर्माण करावी. आणि आशा म्हणजे नुसतं बोलणं नाही; तुम्ही नीट खेळता आणि लोक त्या दिवशी मतभेद बाजूला ठेवून एकत्र बसतात, तेव्हा ती असते.

ज्या देशात हे रोजचं वास्तव आहे, तिथल्या प्रशिक्षकाने जिंकल्यावर पाचव्या मिनिटाला हे बोलावं, यातच त्याची पारख होते. त्या वर्षीचा जागतिक सर्वोत्तम प्रशिक्षक हा मानही त्यालाच मिळाला.

त्या ६२ मिनिटांच्या व्हिडिओचं प्रकरण काय?

२०२१ मध्ये लायन्स संघ दक्षिण आफ्रिकेत आला. रासी तेव्हा मुख्य प्रशिक्षक नव्हता, पण पाणी देणारा म्हणून मैदानात जात होता. पहिली कसोटी १७–२२ हरल्यावर त्याने पंच निक बेरी यांच्या निर्णयांची चिरफाड करणारा ६२ मिनिटांचा व्हिडिओ केला आणि तो जगभर पसरला.

आफ्रिकेने पुढचे दोन्ही सामने आणि मालिका जिंकली, पण नोव्हेंबरमध्ये कारवाई झाली: दोन महिने रग्बीच्या सर्व कामांतून बाहेर, सामन्याच्या दिवशीच्या कामांवर ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत बंदी आणि मंडळाला २० हजार पौंड दंड. मुख्य प्रशिक्षक किंवा डायरेक्टरने पाणी घेऊन मैदानात जाऊ नये, असा नियमही नंतर आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पंचगिरीवर समाजमाध्यमांत टाकलेल्या मजकुरामुळे आणखी दोन सामन्यांची बंदी आली.

रासीचे चाहते या प्रकरणात त्याची बाजू घेतात. मी घेत नाही. त्याचे काही मुद्दे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतीलही. पण पंचाला जगासमोर एकटं उभं करायचं आणि त्याच्या घरच्यांनाही त्याची झळ बसू द्यायची, हे चूक. स्वतःच्या खेळाडूंना जपणारा माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाला इतकं उघडं टाकतो, हे त्याच्या कारकिर्दीतलं मला सगळ्यांत न पटलेलं पान.

२०२३ मध्ये तीन सामने एकेका गुणाने जिंकले, ते नशीब की तयारी?

उपांत्यपूर्व फ्रान्सविरुद्ध २९–२८, उपांत्य इंग्लंडविरुद्ध १६–१५, अंतिम न्यूझीलंडविरुद्ध १२–११. नशीब अजिबात नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण हे तपशील पाहा.

फ्रान्सविरुद्ध डेमियन विलेमसने आपल्या गोलरेषेजवळ उंच चेंडू झेलून ‘मार्क’, म्हणजे तिथूनच अडथळ्याविना खेळ सुरू करायची मुभा, मागितली. अशा वेळी सगळे संघ चेंडू लाथाडून दूर पाठवतात. विलेमसने हाताने खूण करून स्क्रम मागितला. स्वतःच्याच टोकाला! स्टेडियममधल्या हजारो लोकांना क्षणभर काय चाललंय ते कळेना. फ्रान्सच्या अवाढव्य फॉरवर्ड्सना श्वास घ्यायची उसंत न देता पुन्हा ढकलायला लावायचं, हा त्यामागचा बेत. त्याच सामन्यात चेस्लिन कोल्बे कन्व्हर्जनच्या, म्हणजे ट्रायनंतरच्या किकच्या, वेळी रेषेवरून सुसाट धावत आला आणि तोमा रामोसची किक त्याने हातांनी अडवली. ते दोन गुण गेले आणि फ्रान्स एका गुणाने हरला.

इंग्लंडविरुद्ध पावसात संघ चाचपडत होता. एकतिसाव्या मिनिटाला, काही दुखापत नसताना, मानी लिबॉकला बाहेर बोलावून पोलार्डला उतरवलं. पोलार्ड मुळात संघातही नव्हता. मार्क्स जखमी झाल्यावर हूकरच्या जागी त्यांनी किक मारणारा बोलावला होता. एकोणसत्तराव्या मिनिटाला आर. जी. स्नायमनचा ट्राय. शेवटी ऑक्स नचेने स्क्रममध्ये समोरच्याला मोडून पेनल्टी मिळवली आणि पोलार्डने जवळपास ४९ मीटरवरून ती मारली.

अंतिम सामन्यात सात-एक. हूकर बोंगी मबोनांबी पहिल्या काही मिनिटांतच गेला आणि मुळात फ्लँकर असलेला सदतीस वर्षांचा डिऑन फूरी उरलेला सगळा वेळ त्या जागी खेळला. लाइनआउट विस्कटली, पण संघ तगला. पोलार्डच्या चार पेनल्टी आणि कप. चार विश्वचषक जिंकणारा हा पहिला देश.

आता तो काय करतोय?

२०२४ पासून पुन्हा मुख्य प्रशिक्षक. आक्रमणासाठी त्याने न्यूझीलंडचा माजी खेळाडू टोनी ब्राउन याला आणलं, बचावासाठी मन्स्टरच्या ओळखीतला जेरी फ्लॅनरी. त्यामुळे संघ आता नुसता ढकलत नाही, चेंडू हातात खेळवतो. २०२४ आणि २०२५ अशा दोन्ही वर्षी रग्बी चॅम्पियनशिप जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडचा ४३–१० असा धुव्वा उडवला. त्याआधी महिनाभर एलिस पार्कवर ऑस्ट्रेलियाकडून ३८–२२ हरलेही होते.

जुलै २०२५ मध्ये केबेर्खाला, म्हणजे त्याच्या घराजवळ, इटलीविरुद्ध संघाने सुरुवातीची किक मुद्दाम दहा मीटरच्या आत ठेवली, म्हणजे स्क्रम होईल. त्याच सामन्यात मोकळ्या खेळात माणूस हवेत उचलून मोल (चेंडूवाल्याला धरून उभ्यानेच पुढे ढकलणारा घोळका) रचला. ही कल्पना शाळकरी मुलांच्या सामन्यातून घेतल्याचं त्याने सांगितलं. विश्वविजेत्या संघाचा प्रशिक्षक शाळेचे सामने लक्ष देऊन पाहतो, हे मला त्या युक्तीपेक्षा जास्त आवडलं.

रग्बी कधी पाहिलं नाही. सुरुवात कोणत्या सामन्यापासून करू?

२०२३ च्या फ्रान्स–दक्षिण आफ्रिका सामन्यापासून. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत भीतीपोटी खेळ आखडतो, हा सामना तसा नाही. गुण एवढे लक्षात ठेवा: ट्राय ५, त्यानंतरची कन्व्हर्जन किक २, पेनल्टी आणि ड्रॉप गोल ३. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. बाकी पाहता पाहता कळतं. पंच खेळाडूंशी सतत बोलत असतो आणि ते ऐकू येतं, त्याकडे कान ठेवा.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, रग्बी खेळायला मिळतं का?

मिळतं. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग पहिल्यांदा भरली. तो सात-सात जणांचा प्रकार: डाव छोटे, धावपळ जास्त, स्क्रम तीन-तीन जणांचे. बॉम्ब स्क्वॉड वगैरे तिथे नसतं. पण मुलांना सुरुवात करायला हाच प्रकार सोयीचा आहे. लहान वयात धक्काबुक्कीऐवजी स्पर्श करून थांबवायचा ‘टच’ किंवा कमरेची पट्टी ओढायचा ‘टॅग’ शिकवतात की नाही, हे पालकांनी आधी विचारावं. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला लगेच बाहेर काढतात ना, हेही विचारावं. जिथे या दोन्हींची उत्तरं सरळ मिळतील, तिथे मुलाला बिनधास्त पाठवा.